चौथ्या दिवसानंतर

शिशिरनं स्टूल पायानं आत सरकवलं. स्टुलावर ताट होतं. फरशीच्या सांध्यावर स्टूल अडखळलं, वाटीतलं वरण काठापर्यंत आलं आणि परत मागं गेलं. मग त्यानं दार ओढून घेतलं, अगदी हलकेच, आत कुणी झोपलेलं असावं तसं. यामिनी झोपलेली नव्हती. ती पलंगावर शाल गुंडाळून बसली होती आणि तिनं त्याचा पाय पाहिला होता. उजवा पाय, चप्पल घातलेला. अन्नाला पाय लावला म्हणून गोंदियाच्या रेल्वे क्वार्टरमध्ये तिच्या वडिलांनी मोठ्या भावाला एकदा उपाशी निजवलं होतं. म्हणजे आता तिला संताप यायला हवा होता. तो आला नाही. कुठूनतरी निघाला असेल, पण वाटेतच दम लागून बसला असावा. आणि तसं पाहिलं तर शिशिरचं चुकलं काय? ताट हातात घेऊन पलंगापर्यंत यायचं म्हणजे जवळ यावं लागणार, आणि काही दिवस कुणी फार जवळ यायचं नाही हे डॉक्टरांनीच सांगितलं होतं. पायाचं मात्र डॉक्टर काही बोलले नव्हते. ती उठली, ताट घेऊन आली आणि जेवायला लागली. वरणात मीठ नाही, की आहे आणि आपल्यालाच लागत नाही, हे तिला शेवटच्या घासापर्यंत ठरवता आलं नाही.

गळ्यातली गाठ कर्करोगाची निघाली तेव्हाही तिला असंच बधिर झालं होतं, पण ते भीतीनं असेल असं ती धरून चालली होती. आता कारण वेगळं होतं आणि ते डॉक्टरांनी नीट समजावून दिलं होतं. थायरॉइड काढून टाकलेलं, आणि त्याच्या बदल्यात रोज घ्यायची गोळी मुद्दामच सुरू केलेली नाही. म्हणजे गळ्यात मागं राहिलेल्या चुकार पेशी आयोडिनसाठी आसुसतील. मग किरणोत्सारी आयोडिन पाजायचं, त्या ते अधाशासारखं पितील आणि मरतील. तोवर तुम्हाला थंडी वाजेल, आवाज बसेल, विचार सावकाश चालतील, कशात मन लागणार नाही. सगळं सांगितल्याबरहुकूम झालं. रायपूरचा मे महिना, समता कॉलनीतल्या खिडक्याखिडक्यांतून कूलर घरघरतायत, आणि ही बाई शाल घेऊन बसलेली. हॉस्पिटलात जाड भिंतींच्या खोलीत तिला एकटीला ठेवलं होतं. शिशाच्या डब्यातून औषध आलं, ते तिनं नळीनं प्यायलं, पाण्यासारखं लागलं. देणारा माणूस लांबूनच "बस, हो गया दीदी" म्हणाला आणि दाराआड गेला. काल घरी सोडताना सूचना दिल्या: वेगळी खोली, वेगळं अंथरूण, वेगळी भांडी, कपडे वेगळे धुवायचे, लेकुरवाळ्या आणि गरोदर बायकांनी फिरकायचं नाही. शिशिर मान डोलवत होता. त्याला हे आधीपासून ठाऊक होतं. तो तर हेच लोकांना शिकवत हिंडायचा.

वर्षानुवर्षं शिशिरनं रायपूरबाहेर सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्नच्या, म्हणजे कच्च्या लोखंडाच्या कारखान्यात विजेचं काम सांभाळलं. संध्याकाळी घरी आला की कॉलर काळी, रुमाल काळा, आणि घरात पाऊल टाकेल तिथं काळं. गेल्या वर्षी त्यानं नोकरी बदलली. नवा रायपूरकडं डेटा सेंटर उभारणाऱ्या एका कंपनीनं त्याला घेतलं. डेटा सेंटर म्हणजे काय रे बाबा, असं त्याच्या आईनं, विमलाबाईंनी विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "आई, मोबाईलले आपण काही विचारतो नं, त्याचं उत्तर जिथं शिजते, ते स्वयंपाकघर. तिथली चूल कधी विझून नाई चालत." आणि एवढी मोठी चूल कोळशावर किती दिवस पेटवणार? म्हणून डेटा सेंटरला लागूनच छोटी अणुभट्टी बसवावी असं कंपनीच्या मनात होतं. अजून काहीच नव्हतं. परवानगी नाही, भट्टी नाही, जागा म्हणून पचरीडीह नावाच्या गावाचं नुसतं माळरान. पण गाव हो म्हणायला हवं होतं, आणि गावाला हो म्हणायला लावणं हे शिशिरचं काम होतं. तो ते छान करायचा. खिशातून किरणोत्सार मोजायचं मुठीएवढं मीटर काढायचा, आधी देवळाच्या ग्रॅनाइटच्या पायरीला लावायचा, मग स्वतःच्या छातीला. मीटर टिकटिकायचं. "देखिए भैया, ये तो भगवान के घर में भी है. नापने की चीज है, डरने की नहीं." लोक हसायचे. पहिल्यांदा त्यानं हे घरी करून दाखवलं तेव्हा यामिनीलाही हसू आलं होतं, आणि पटलंही होतं. तिला ते आजही पटत होतं. सिलतऱ्याच्या धुरात काढलेल्या वर्षांपेक्षा हे बरं, असं तिचं प्रामाणिक मत होतं.

त्या ताटावरून तिला दुसरं एक ताट आठवलं. लग्न होऊन दोन-तीन महिने झाले असतील. हे लोक तेव्हा रायपूरच्या जुन्या वस्तीत, तात्यापाऱ्यात राहत. भोसल्यांच्या अमदानीत नागपूरहून आलेलं घराणं, असं सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या. येताना सोवळंओवळंही सोबत बांधून आणलेलं. सुनेला कावळा शिवला की मागच्या खोलीत चटई, वेगळं ताट, वेगळा तांब्या. कुणाला शिवायचं नाही. चौथ्या दिवशी डोक्यावरून न्हायचं, मग घरात. यामिनीच्या माहेरी यातलं काही नव्हतं; रेल्वेच्या दोन खोल्यांत बाहेर बसायला बाहेर होतंच कुठं? पहिल्या खेपेला ती मुकाट बसली, दुसऱ्या खेपेला रडली, तिसऱ्या खेपेला शिशिर कामावरून आला, हातपाय न धुता तिच्या चटईवर मांडी घालून बसला आणि तिच्या ताटातला भाताचा घास उचलून त्यानं तोंडात टाकला. "पाहून घे आई," तोंडात घास ठेवूनच तो म्हणाला, "झालं का मले काही?" विमलाबाई पदर तोंडाला लावून आत गेल्या आणि दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत. पण त्यानंतर ती चटई पुन्हा कधी अंथरली गेली नाही. त्या एका घासावर यामिनीनं आजवरचा संसार रेटला असं म्हटलं तर फार फुगवून सांगितल्यासारखं होणार नाही. भांडणं झाली, अबोले झाले, एकदा ती मुलाला, अनिमेषला घेऊन गोंदियाला जाऊन राहिली. पण मनात कुठंतरी पक्कं होतं की हा माणूस वेळ आली की ताटात हात घालणारा आहे. आता वेळ आली होती आणि ताट स्टुलावर होतं.

दुपारी अनिमेषचा फोन आला. तो भिलाईला हॉस्टेलवर असतो. मराठी सगळी कळते, बोलतो हिंदीत. "मम्मी, टेन्शन मत लो. मैंने एआय से सब पूछ लिया. बोला, थोड़े दिन डिस्टन्स रखना है, फिर एकदम नॉर्मल." यामिनी म्हणाली, "तू जेवला का?" तिचा आवाज घोगरा, पुरुषी झाला होता. फोन ठेवल्यावर तिनं सावकाश विचार केला, हल्ली सगळे विचार सावकाशच व्हायचे: पोराचा प्रश्न कुठल्यातरी मोठ्या थंडगार इमारतीत गेला असेल, तिथं बदाबदा वीज पिऊन त्याचं उत्तर तयार झालं असेल, आणि तेवढ्या लांब जाऊन ते भिलाईला परतही आलं. शिशिर मात्र हॉलमधून अजून इथवर यायचा होता.

विमलाबाईंना कुणी काही शिकवावं लागलं नाही. वेगळं अंथरूण म्हणताच त्यांनी माळ्यावरून जुनी सतरंजी काढली, वेगळं ताट म्हणताच ताटाला खूण म्हणून दोरा बांधला. "मले माहीत आहे हे सगळं," त्या शिशिरला म्हणाल्या, "तुमच्या डॉक्टरले आत्ता समजलं." दुपारी दाराबाहेर खुर्ची टाकून त्या तिच्याशी लांबूनच गप्पा मारायच्या. कोण मेलं, कुणाच्या पोट्टीचं लग्न मोडलं, भाजीवाला कसा लुबाडतो. त्यांची मोडीत निघालेली विद्या त्यांना परत मिळाली होती आणि त्या खुशीत होत्या. यामिनीला त्यांचा राग यायला हवा होता, जुना, साठवलेला. तोही आला नाही. उलट दुपार झाली की ती खुर्ची सरकल्याच्या आवाजाची वाट बघू लागली. आणि मग एका सकाळी विमलाबाई सरळ आतच आल्या. हातात कोमट तेलाची वाटी. पलंगावर टेकल्या आणि त्यांनी यामिनीच्या टाळूवर हात ठेवला.

"आई, काहून आल्या तुम्ही आत?"

"चौथा दिवस नं आज. चाल, न्हाऊन घे. डोकं पाह्य कसं झालं पोरी तुझं, भुसा नुसता."

हे चौथ्या दिवशी संपणारं नाही, हा तो विटाळ नाही, असं यामिनी सांगू शकली असती. शब्द जुळवायला वेळ लागत होता, आणि तोवर तेल केसांत उतरलं होतं. हॉस्पिटलात गेल्यापासून तिला कुणी हात लावला नव्हता. ती बोटं म्हातारी, वातानं वाकडी झालेली, आणि टाळूवर फिरताना थोडी दुखत होती. रडू आलं असतं तर बरं वाटलं असतं. आलं नाही, डोळे मात्र मिटले. मग दारात शिशिरचा आवाज फुटला. "आई! दूर हो! हो दूर आधी!" तो उंबऱ्याच्या बाहेरूनच ओरडत होता. त्यानं तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. पंचाहत्तरीच्या बाईनं घडीभर डोक्याला तेल लावलं तर आकाश कोसळत नाही, असं काहीसं डॉक्टर हसत म्हणाले असावेत, कारण शिशिरचा चेहरा पडला. तरी फोन ठेवून तो आईला म्हणाला, "जा, आंघोळ कर. लुगडं वेगळं टाक बादलीत. कशाले हात लावू नको." विमलाबाईंनी त्याच्याकडं पाहिलं. मग वाटीतलं उरलेलं तेल तळहातावर ओतलं आणि म्हणाल्या, "शिवली नं मी आता. मलेही बसव इथंच." आणि शेवटच्या थेंबापर्यंत त्यांनी तेल जिरवलं.

त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दुपारी यामिनी डोळे मिटून पडली होती आणि तिला पाल चुकचुकल्यासारखं वाटलं. भिंतीवर पाल नव्हती. आवाज दाराकडून येत होता, आधी तुटक, मग भराभर, मग पुन्हा तुटक. दाराच्या फटीत शिशिरची सावली होती. तो पाऊल पुढं टाकायचा, आवाज वाढायचा. मागं घ्यायचा, कमी व्हायचा. ती श्वास रोखून पडून राहिली, तपासायला आलेल्या डॉक्टरासमोर पडून राहावं तशी. त्यानं मोजावं, तिची काही हरकत नव्हती. मोजायची गोष्ट आहे, भ्यायची नाही, हे तिनं त्याच्याच तोंडून ऐकलं होतं. पण मोजून तो आत येईल असं तिला वाटलं. एवढं मोजलं म्हणजे काहीतरी ठरवायला मोजलं असणार. सावली गेली. थोड्या वेळानं हॉलमधून त्याचा हिंदी आवाज आला, तोच मोकळा, समजुतीचा: "अरे सरपंच जी, आप बिलकुल निश्चिंत रहिए." तेव्हा तिला पहिल्यांदा जरासं दुखलं. फार नाही, झोपलेल्या पायाला चिमटा काढावा तितपत.

पुढं हॉस्पिटलात तिला तपासलं आणि आता नेहमीसारखं राहा म्हणून सांगितलं. गोळ्या सुरू झाल्याच होत्या. हळूहळू थंडी गेली, शाल कपाटात गेली, आवाजातला घोगरेपणा उतरला. एका सकाळी चहा चक्क गोड लागला. तिनं ताटाचा दोरा सोडून ते मांडणीत ठेवलं, ओट्याशी उभं राहून पोळ्या लाटल्या, विमलाबाईंनी त्या खाल्ल्या. शिशिर म्हणाला, मले भूक नाई, साइटवर खाल्लं. दुसऱ्या दिवशीही साइटवर खाल्लं. रात्री तो हॉलमध्येच आडवा व्हायचा. "तिकडे कूलरची हवा चांगली लागते," असं एकदा सांगून टाकलं आणि तिनंही पुन्हा विचारलं नाही. स्वयंपाकघरात ती असली की तो पाण्यासाठी दारात थबकायचा, ती बाजूला व्हायची, मग तो यायचा. कुणी पाहिलं असतं तर म्हटलं असतं, किती अदबशीर नवरा आहे. त्याला स्वतःला हे कळत होतं का, याचा तिनं पुष्कळ विचार केला. बहुधा कळत नव्हतं. डोक्यानं तो केव्हाच जवळ आला होता, फक्त अंग आलं नव्हतं, आणि अंगाला भाषण देता येत नाही.

मग एका संध्याकाळी तो तिच्या खोलीच्या दारात उभा राहिला. उंबऱ्याच्या बाहेर, चौकटीला हात लावून.

"यामिनी, एक विचारायचं होतं. परवा पचरीडीहले मोठी सभा आहे. गावानं नाई म्हटलं तर कंपनी तिसरीकडे जाणार, अन् मग मलेही काही ठेवून नाई घेत ते. अभिनव म्हणून राहिला, की तुझी गोष्ट सांगावी."

अभिनव म्हणजे त्याचा साहेब, वयानं त्याच्याहून बराच लहान.

"कोणती गोष्ट?"

"हेच. की तू हे औषध घेतलं. अन् आता बरी आहे, घरात आहे, आपण सगळे..." तो थांबला. "तुझं नाव नाई घेत. नुसतं 'मेरी पत्नी'. तुले नसंल चालत तं नाई सांगत."

"आत या नं, बसा. मग बोलू," ती म्हणाली. पलंगावर तिनं थोडी सरकून जागा केली.

त्यानं त्या जागेकडं पाहिलं. खरोखरच पाहिलं. मग म्हणाला, "नाई, फोन येऊन राहिला मले," आणि फोन वाजत नव्हता. यामिनीला त्याची दया आली, आणि दयेचा राग आला. गोळ्यांचा गुण येत होता म्हणायचा. "सांगा," ती त्याच्या पाठीला म्हणाली. "सांगून टाका."

सभेला जायचं तिनं ठरवलं नव्हतं. पण अभिनवचा फोन आला, भाभीजी, आप आ जातीं तो बहुत अच्छा रहता, गाड़ी भेज देता हूं. सर को नहीं बताएंगे, सरप्राइज रहेगा. आणि साडी नेसता नेसता तिच्या लक्षात आलं की आपल्याला जायचंच आहे. ते वाक्य तिला शिशिरच्या तोंडून ऐकायचं होतं. घरात नाही तर नाही, निदान माईकवरून. कदाचित चारचौघांत बोलून गेल्यावर त्याला ते पाळावं लागेल. कदाचित ऐकताना तिलाच काहीतरी होईल. विमलाबाई म्हणाल्या, "कशाले जातं उन्हाची?" ती म्हणाली, "येते आई लवकर."

सामुदायिक भवनात पंखे गरम हवा ढवळत होते. पुरुष खुर्च्यांवर, बायका मागं सतरंजीवर. ड्रायव्हर अभिनवला शोधायला गेला तशी यामिनी सरळ बायकांत शिरली. एका बाईनं मांडीवरचं टोपलं उचलून जागा केली, "आव दीदी, बइठ," आणि यामिनी बसली तर दोघींचे खांदे एकमेकींना चिकटले. बाईच्या ब्लाऊजला घामाचा आणि मोहाच्या फुलांचा वास होता. तिनं खांदा काढून घेतला नाही, कशाला घेईल. स्टेजवर शिशिर उभा होता, इस्त्रीचा शर्ट, मीटर दाखवून झालेलं. "अब मैं अपने घर की बात बताता हूं," तो म्हणाला. "मेरी पत्नी को कैंसर हुआ. डॉक्टर ने उसे यही चीज पिलाई, जिससे आप डर रहे हैं. उसके शरीर में थी. और आज? आज वो ठीक है, और हम दोनों एक ही थाली में खाना खाते हैं." तो कुठं अडखळला नाही. त्याचा आवाज शेवटी ओला झाला, आणि तो ओलावा खोटा नव्हता. तिला ते स्पष्ट दिसलं: तो खोटं बोलतच नव्हता, तो तात्यापाऱ्यातल्या त्या मुलाबद्दल बोलत होता, आणि तो मुलगा आपणच आहोत असं त्याला अजून वाटत होतं. टाळ्या पडल्या. शेजारच्या बाईनंही वाजवल्या, तिचं कोपर यामिनीला लागलं. यामिनी थांबून राहिली, आतून काही येतंय का बघत. सगळं परत आलं होतं, चव, ऊब, आवाज. दुखणंसुद्धा येऊ लागलं होतं. पण त्या वाक्यासाठी तिच्यात आता कुठंच जागा उरली नव्हती.

तेवढ्यात अभिनवनं माईक घेतला. "और साथियो, खुशी की बात ये है कि भाभीजी खुद आज हमारे बीच मौजूद हैं! भाभीजी, प्लीज, खड़ी हो जाइए. यहां स्टेज पर आइए, सर के साथ." शिशिर चपापला. त्याची नजर खुर्च्यांवरून फिरली, सतरंजीवर आली, एकेक चेहरा ओलांडत तिच्यापाशी येऊन थांबली. त्यानं तिला ओळखलं. हात अर्धवट वर आला, आणि चेहऱ्यावर इतकी उघडी विनवणी होती की क्षणभर तिच्या गुडघ्यांनी उठायची तयारी केली. उठली असती तर तिला त्याच्या शेजारी उभं राहावं लागलं असतं, आणि सगळ्या गावासमोर त्यालाही तिच्या शेजारी. भवनभर माना वळल्या. पुढचे मागं बघत होते, मागचे दाराकडं. शेजारची बाई उंच होऊन इकडंतिकडं पाहत होती. "कोन आय दीदी, ओखर घरवाली?" त्याची बायको कोणती, असं तिनं यामिनीला विचारलं. "तोला दिखथे का?"

"नहीं तो," यामिनी म्हणाली, आणि सगळ्या बायकांबरोबर तीही मान वळवून मागं बघू लागली.